एलईडी बल्ब लावल्याने बिल खरंच किती कमी होतं? घरातल्या एकेका दिव्याचा हिशेब

तुमच्या घरात सगळ्यात जास्त वीज खाणारा दिवा कोणता? बहुतेक जण हॉलमधल्या ट्यूबलाइटचं नाव घेतील. पण जुन्या पद्धतीचे दिवे असलेल्या बऱ्याच घरांत हा मान देवघरातल्या इवल्याशा लाल बल्बकडे जातो. तो चोवीस तास चालू असतो आणि 'झिरो बल्ब' या नावामुळे त्याच्यावर कुणाला संशयच येत नाही.

झिरो बल्ब शून्य वॉटचा नसतो. जुना, तारेचा झिरो बल्ब साधारण १५ वॉट वीज घेतो. पूर्वीच्या फिरत्या चकतीच्या मीटरवर एवढ्या कमी भाराची नोंद नीट होत नसे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. आताच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर ती व्यवस्थित होते. १५ वॉट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ३६० वॉट-तास. महिन्याला जवळपास ११ युनिट झाले. हॉलमधली चोकवाली ट्यूब रोज सहा तास लावली तरी महिन्याला साडेनऊ युनिटच्या आत राहते.

म्हणजे 'एलईडी लावा, वीज वाचवा' हे वाक्य बरोबर असलं तरी अर्धवट आहे. कोणता दिवा आधी बदलायचा, कोणता राहू द्यायचा आणि त्यातून महिन्याला नेमके किती रुपये सुटतात, ते पाहू.

आधी युनिट म्हणजे काय ते

१,००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. बल्बवर लिहिलेले वॉट, रोजचे तास आणि ३० दिवस यांचा गुणाकार करून १,००० ने भागलं की महिन्याचे युनिट मिळतात. ६० वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. त्याच जागी ९ वॉटचा एलईडी लावला तर १.३५ युनिट. दोघांचा उजेड जवळपास सारखाच.

हा फरक येतो कुठून? पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून लाल-पांढरी होते आणि तिच्यातून उजेड पडतो. त्यात विजेचा अगदी थोडा, साधारण वीसातला एक भाग प्रकाश होतो आणि उरलेली सगळी उष्णता होऊन जाते. तासभर चालू असलेल्या बल्बला हात लावून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. थोडक्यात, तो बल्ब म्हणजे उजेड देणारी छोटी शेगडी आहे, आणि मे महिन्यात त्या शेगडीने तापलेली खोली थंड करायला आपण पंखा वाढवतो.

एलईडीत तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या चिपमधून वीज गेली की थेट प्रकाश बाहेर पडतो. लाल आणि हिरवे एलईडी कित्येक वर्षं होते, रेडिओ-टेपरेकॉर्डरवर ते लुकलुकायचेही. अडलं होतं ते निळ्यापाशी. निळा प्रकाश मिळाला की त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड बनवता येतो. हे कोडं सोडवणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भारतात एलईडी घरोघरी पोचला तो त्यानंतर लगेच. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी बल्ब स्वस्तात वाटण्याची योजना देशभर सुरू केली. पुढे ती 'उजाला' म्हणून ओळखली गेली. ईईएसएल ही सरकारी कंपन्यांची भागीदारी असलेली कंपनी कोट्यवधी बल्बांची एकगठ्ठा खरेदी करत होती, त्यामुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास असलेली बल्बची खरेदी किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब विकले गेले. खुल्या बाजारातही भाव पडले आणि आज साधा ९ वॉटचा बल्ब शंभर रुपयांच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

वाचलेलं युनिट सगळ्यात महाग युनिट असतं

हा मुद्दा बहुतेक लेखांत सुटतो, आणि पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे.

महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते. पहिली १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा दर वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे होता, दुसऱ्याचा ११ रुपये ४६ पैसे आणि तिसऱ्याचा १५ रुपये ७२ पैसे. वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातलं एक युनिट साधारण ६ रुपये ८० पैशांना पडतं आणि दुसऱ्या टप्प्यातलं १३ रुपये ३० पैशांना. जवळपास दुप्पट! दर बदलत राहतात, मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, गोव्यात वीज बरीच स्वस्त आहे. तेव्हा तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घ्या. टप्प्यांची रचना मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण तुम्ही युनिट वाचवता तेव्हा ते वरून कमी होतं. महिन्याला १४० युनिट वापरणाऱ्या घराने ३० युनिट वाचवले तर ते स्वस्त शंभरातून जात नाहीत, वरच्या महाग चाळीसातून जातात. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून हिशेब करणारे म्हणूनच फसतात. त्यांची बचत कागदावर कमी दिसते, प्रत्यक्षात जास्त होते.

एका घराचा हिशेब

जुने दिवे असलेलं एक साधं घर घेऊ. हॉलमध्ये चोकवाली ट्यूब, रोज सहा तास. स्वयंपाकघरात तशीच ट्यूब, पाच तास. ट्यूबवर ४० वॉट लिहिलेलं असलं तरी जुना लोखंडी चोक स्वतः दहा-बारा वॉट खातो, म्हणून ५२ वॉट धरू. बेडरूममध्ये ६० वॉटचा बल्ब चार तास, व्हरांड्यात तसाच तीन तास, बाथरूममध्ये सगळ्यांचा मिळून एक तास. देवघरात झिरो बल्ब दिवसरात्र आणि झोपायच्या खोलीत आणखी एक झिरो बल्ब आठ तास.

दोन्ही ट्यूब मिळून महिन्याला १७ युनिट होतात, तीन बल्बांचे साडेचौदाच्या आसपास, आणि दोन झिरो बल्बांचे तब्बल साडेचौदा. एकूण ४६ युनिट. यातले जवळपास अकरा एकट्या देवघराचे आहेत, हे पुन्हा एकदा बघून घ्या.

आता ट्यूबच्या जागी २० वॉटच्या एलईडी ट्यूब, बल्बांच्या जागी ९ वॉटचे एलईडी आणि झिरोंच्या जागी अर्ध्या वॉटचे एलईडी लावले, तास तेवढेच ठेवले, तर एकूण बेरीज सव्वानऊ युनिटवर येते. बचत जवळपास ३७ युनिट.

हे घर महिन्याला १४० युनिट वापरत असेल तर सगळी बचत महाग टप्प्यातून होते, म्हणजे महिन्याला सुमारे ४९० रुपये. तेच घर ९५ युनिट वापरत असेल तर सुमारे २५० रुपये. खर्च किती? दोन ट्यूबचे पाचशे, तीन बल्बांचे तीनशे, दोन छोट्या बल्बांचे ऐंशी-शंभर धरा. नऊशे रुपये. पहिल्या घरात ते दोन महिन्यांत वसूल होतात, दुसऱ्यात साडेतीन-चार महिन्यांत. बँकेची कुठलीही ठेव एवढ्या वेगाने पैसे परत देत नाही.

सगळं एकदम बदलू नका

वरचं उदाहरण जुन्या दिव्यांच्या घराचं आहे. तुमच्याकडे आधीपासून सीएफएल असतील तर गणित पूर्ण बदलतं. १५ वॉटचा सीएफएल काढून ९ वॉटचा एलईडी लावला, रोज पाच तास वापर धरला, तर महिन्याला एक युनिटही वाचत नाही. सहा ते बारा रुपये. चांगला चालणारा सीएफएल केवळ बचतीसाठी काढण्यात फारसा अर्थ नाही, तो उडाला की त्या जागी एलईडी लावा.

तसंच अडगळीच्या खोलीतल्या बल्बचं. दिवसाला दहा मिनिटं लागणारा ६० वॉटचा बल्ब बदलून महिन्याला पाव युनिट वाचतं. शंभर रुपयांचा एलईडी तिथे वसूल व्हायला अडीच ते पाच वर्षं लागतील. हॉलमधला पिवळा बल्ब काढलात ना? तोच तिथे लावून टाका.

म्हणजे क्रम तासांवरून ठरवायचा. आधी चोवीस तास चालणारे दिवे: देवघर, जिन्यातला, फाटकावरचा. मग संध्याकाळभर लागणारे. बाकीचे जसे उडतील तसे.

जिन्याचा विषय निघालाच आहे तर सोसायटीच्या सभेत मांडण्यासारखं एक गणित. जिन्यात आठ चोकवाल्या ट्यूब रात्रभर, बारा तास जळत असतील तर महिन्याला १५० युनिट होतात. तिथे ९ वॉटचे बल्ब लावले तर २६. जिन्यात ट्यूबएवढा उजेड लागतही नाही. दर महिन्याला सव्वाशे युनिट वाचतात आणि खर्च हजाराच्या आत.

भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं, घरमालकाच्या घरात आपण का पैसे घालायचे? पण बिल तुम्ही भरता, आणि बल्ब काही भिंतीत चिणलेला नसतो. जाताना जुना बल्ब परत लावा, एलईडी सोबत न्या.

दुकानात काय बघायचं

वॉट बघून बल्ब घेण्याची आपली सवय पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. वॉट म्हणजे खर्च, उजेड नव्हे. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि ते खोक्यावर छापलेलं असतं. ६० वॉटच्या जुन्या बल्बचा उजेड ७०० ते ८०० ल्युमेन होता, तेवढा हवा असेल तर ८०० ल्युमेनच्या आसपासचा एलईडी घ्या. दोन कंपन्यांच्या ९ वॉटच्या बल्बांत ल्युमेन वेगवेगळे असू शकतात. जास्त ल्युमेनवाला घ्या, बिल तेवढंच येईल.

खोक्यावर बीईईची ताऱ्यांची पट्टी असते. एलईडी बल्बला हे तारे एका वॉटमागे किती ल्युमेन मिळतात त्यावरून दिले जातात. शिवाय भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. रस्त्यावर वीस-तीस रुपयांना मिळणाऱ्या बिननावाच्या बल्बांवर यातलं काहीच नसतं. त्यांचं आयुष्य तर कमी असतंच, पण आतलं सर्किट स्वस्तातलं असल्याने शॉक लागण्याचा धोकाही असतो.

रंगाचाही विचार करा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असेल तर उजेड पिवळसर, ४००० असेल तर मधला, ६५०० असेल तर निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० हातात ठेवतो. अभ्यासाच्या टेबलापाशी आणि ओट्यावर तो ठीक आहे, पण झोपायच्या खोलीत पिवळसरच बरा वाटतो. वीज दोन्हींना सारखीच लागते. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरांचा थवा जमतो त्या व्हरांड्यातही पिवळसर लावा, निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात.

बिल आणि खोकं ठेवून द्या. नावाजलेल्या कंपन्या एक-दोन वर्षांची वॉरंटी देतात. कित्येक दुकानदार बल्बवरच मार्करने तारीख लिहून देतात. लिहिली नसेल तर लिहायला सांगा.

'वीस वर्षं चालेल' म्हणाले होते, वर्षात उडाला!

खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं आणि बल्ब दीड वर्षात मान टाकतो. ही तक्रार खोटी नाही. एलईडीची चिप सहसा खराब होत नाही, खराब होतो तो बल्बच्या बुडात असलेला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज चिपला सोसेल अशी करून देणारं छोटं सर्किट. त्याचे दोन शत्रू आहेत. पहिला उष्णता. चारही बाजूंनी बंद असलेल्या काचेच्या घुमटात एलईडी लावला तर आतली गरमी बाहेर जात नाही आणि सर्किट शिजत राहतं. दुसरा शत्रू व्होल्टेजचे झटके. लाइट जाऊन परत येताना जिथे दिवे एकदम भगभगतात, तिथे स्वस्त ड्रायव्हर टिकत नाहीत. एकाच होल्डरवरचे बल्ब पुन्हा पुन्हा उडत असतील तर दोष बल्बचा नसून होल्डरचा किंवा ढिल्या वायरचा असू शकतो. वायरमनला दाखवा.

काही घरांत बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहतो आणि मग 'भुताटकी'चे व्हिडिओ फिरतात. बटणात बारीक लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह एलईडीला मिणमिणायला पुरतो. इंडिकेटर नसताना असं होत असेल तर बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तोडली जात असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते, म्हणून ते लगेच दुरुस्त करून घ्या.

जुन्याच पट्टीत एलईडी नळी बसवणार असाल तर आतला चोक आणि स्टार्टर काढून घ्या. चोक राहिला तर तो आपला हिस्सा खात राहतो.

मीटरवर स्वतः तपासा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० चा अर्थ एवढाच, की हा दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. फ्रिज, राउटर, चार्जर, सगळं बंद करा आणि एकच बल्ब चालू ठेवा. दोन लुकलुकण्यांमधले सेकंद मोजा. ३२०० च्या मीटरवर ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॉट मिळतात. (१६०० चा असेल तर २२५० ला भागा.) ६० वॉटच्या बल्बला १९ सेकंदांच्या आसपास लागतील, ९ वॉटच्या एलईडीला दोन मिनिटांहून थोडं अधिक. देवघरातला बल्ब लावून बघा. ७५ सेकंदांच्या आसपास लुकलुकलं तर तो १५ वॉटचा आहे. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी गळती आहे.

काढलेल्या दिव्यांचं काय?

पिवळा बल्ब म्हणजे काच आणि धातू. कागदात गुंडाळून, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागणार नाही असा वेगळा द्या. सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये मात्र थोडा पारा असतो, त्या फोडू नका आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. घरात फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी जाड कागदाने तुकडे गोळा करून ओल्या कागदाने जागा पुसा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला तर पारा पसरतो.

आणि पंखा?

दिव्यांचं काम झाल्यावर छताकडे बघा. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात, महाग टप्प्यात २१५ रुपये, स्वस्त टप्प्यात ११०. पण पंख्याची किंमत तीन हजारांच्या घरात असल्याने वसुलीला सव्वा ते सव्वादोन वर्षं लागतात, थंडीत तो बंद राहत असेल तर त्याहून जास्त. चालता पंखा काढून टाकण्याची घाई नको. जळाला किंवा पुन्हा वाइंडिंगला द्यायची वेळ आली, की त्या वेळी बीएलडीसीचा भाव विचारा.